कृ. पा. उ. यांची बातमी

चिठ्ठी मी उलटून बघितली नाही. चूक एवढीच. पण तिच्यापायी एका गावात दहावीचा भूमितीचा पेपर फुटला. म्हणजे फुटला नव्हता, मी फोडला, तोही पहिल्या पानावर चौकटीत.

गावाचं नाव सांगत नाही. सेलूच्या रस्त्यावरचं होतं आणि वालूरपेक्षा लहान होतं, एवढं पुरे. त्या गावाचं नाव मी एकदा छापलेलं आहे आणि तेवढ्यावर ते गाव समाधानी आहे.

ऐंशीनंतरची वर्षं होती. परभणीत हाताला काम देणारे धंदे शिकवणारं एक कॉलेज होतं. तिथं टायपिंग होतं, शिवणकला होती, मोटार वाइंडिंग होतं, आणि एका वर्षी कुणाच्या तरी मनात आलं म्हणून पत्रकारिताही आली. आमची खोली टायपिंग आणि मोटार वाइंडिंगच्या मधे. एका भिंतीतून टकटक, दुसऱ्या भिंतीतून जळक्या वार्निशचा वास. पहिल्या दिवशी मला वाटलं, छापखान्याची सवय व्हावी म्हणून ही सोय मुद्दाम केलेली आहे.

मी पेडगावचा. बीएस्सीत दोनदा आपटल्यावर घरी जाऊन सांगितलं की पत्रकारितेचा कोर्स करतो, एका वर्षाचा आहे. वडील कडबा रचत होते. हातातली पेंढी न ठेवता ते म्हणाले, "गावच्या बातम्या तर तुझी चुलती न शिकता सांगती. तुला वर्ष कामून लागायलंय?"

याचं उत्तर मला त्या वर्षी मिळालं, पण ते वडिलांना सांगण्यासारखं नव्हतं.

तयारी मात्र मी कसून केली. वही घ्यायच्या आधी खांद्याला लावायची शबनम पिशवी घेतली. खिशाला दोन पेनं लावली, त्यातलं एक चालायचं. परभणीत रेडिओ केंद्र होतं, तिथं बातम्या वाचायची संधी कधीही येईल म्हणून रोज सकाळी रिकाम्या तांब्यात तोंड घालून भारदस्त आवाजाचा सराव करायचो. शेवटी खोलीवरचे सोबती आंघोळीआधी तांब्या लपवून ठेवायला लागले.

शिकवायला सर एकच. ते परभणीतल्या एका चार पानी दैनिकाचे संपादक होते, मालक होते, आणि घाईच्या दिवशी गठ्ठे बांधणारेही तेच होते. त्यांचं शिकवणं थोडक्यात असे. बातमीत सहा क पाहिजेत: कोण, काय, कुठं, केव्हा, का, कसं. एखादा क सापडला नाही तर बातमी उद्यावर ठेवा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, वर्गात दोन्ही बाजूंची पोरं होती. फळ्यावर 'विद्यापीठ' हा शब्द आला की सर त्याचं नाव न लिहिता खडू खाली ठेवत आणि चष्मा पुसत. त्या वर्षात त्यांचा चष्मा फार स्वच्छ राहिला.

माझ्या शेजारी बसायचा तो जिंतूरकडचा. त्याच्या आजोबांनी छप्पन साली बुद्धधर्म घेतलेला, वडील प्राथमिक शाळेत मास्तर. अंगानं काटकुळा, बोलायला कमी, आणि अक्षर असं की टायपिंगच्या बाई त्याची वही मागून न्यायच्या. सहा क फळ्यावर लिहून झाले तेव्हा त्यानं हात वर केला. "सर, सातवा राहिला. कुणी सांगितलं?"

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

पुढं एकदा हॉटेलात चहा पिताना त्यानं कारण सांगितलं. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीच्या वेळी, तो शाळेत होता. शेजारच्या गावाहून आवई आली की अमक्या आळीच्या पोरांनी असं असं केलं. कुणी सांगितलं हे कुणी विचारलं नाही. त्यांच्या आळीनं दोन दिवस हायब्रीड ज्वारीच्या रानात बसून काढले, भर पावसाचे. एवढं सांगून त्यानं माझ्या बशीतलं भजं उचललं आणि विचारलं, "हे तू खायलास का न्हाई?" पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही. मीही ऐकलं, हळहळलो आणि विसरलो.

कोर्सच्या शेवटी महिनाभर एखाद्या पेपरात काम करायचं होतं. सरांनी आम्हा दोघांना आपल्याच दैनिकात घेतलं. त्याला मुद्रितं वाचायला बसवलं. मला टपालावर. टपाल म्हणजे चिठ्ठ्या. सकाळच्या पहिल्या एसटीनं आमचे गठ्ठे गावोगावच्या एजंटांकडं जायचे आणि परतीच्या कंडक्टरांच्या हाती गावोगावच्या चिठ्ठ्या यायच्या. कुणाचा बैल चोरीला गेला, कुठं सप्ताह बसला, कुठल्या एजंटाला अंक कमी गेले. बातमीची चिठ्ठी टेबलावर ठेवायची, तक्रारीची भिंतीवरच्या तारेला टोचायची. या कामाला सहा क सोडा, एकही लागत नव्हता. डोळे लागत होते. पण मला वाटे की शबनम असलेल्या माणसाला हे काम देणं म्हणजे अपमान आहे.

मार्च उजाडला. दहावीच्या परीक्षा सुरू झाल्या. त्यातल्या एका दुपारी सर चारठाण्याला लग्नाला निघाले. जाताना सांगून गेले, "मजकूर तयार आहे. काही विशेष आलं तर उद्यावर ठेवा."

विशेष आलं. साडेचारच्या गाडीनं आलेल्या चिठ्ठ्यांत वहीच्या फाडलेल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं:

"संपादक साहेबांस, आज सकाळी सातला स्टँडवर पेपर फुटला. पोरांनी पळवला. मास्तर लोकांनीबी फुकट घेतला. घटकेत गावभर झाला. लवकर बंदोबस्त करावा. कृ. पा. उ."

वर गावाचं नाव. मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. सहाच्या सहा क माझ्या हातात होते. 'कोण' मधे पोरं आणि मास्तर. 'केव्हा' सकाळी सात. 'कुठं' स्टँड. आणि खाली निरोप देणाऱ्याची सही. कृष्णा पांडुरंग उबाळे असेल, किंवा उगले असेल. नाव पूर्ण न देता आद्याक्षरं दिली म्हणजे माणूस घाबरलेला असणार. घाबरलेला असूनही लिहितो म्हणजे जागरूक असणार. त्या क्षणी मला त्या कृ. पा. उ. विषयी इतका आदर वाटला की सांगता सोय नाही.

भिंतीवर परीक्षेचं वेळापत्रक होतं. त्या दिवशी भूमिती. म्हणून भूमितीचा पेपर फुटला.

मी एका बैठकीत लिहून काढलं. शिक्षणक्षेत्रात एकच खळबळ उडाली. काही शिक्षकांनीही पेपरचा विनामूल्य लाभ घेतल्याचं खात्रीलायकरीत्या समजलं. जागरूक नागरिक श्री. कृ. पा. उ. यांनी या प्रकाराला वाचा फोडली. पालकवर्गात संताप पसरला. संताप चिठ्ठीत नव्हता, पण तेवढा पसरलाच असेल असं मी धरून चाललो.

मुद्रित शेजारच्या टेबलावर, माझ्या जिंतूरकडच्या सोबत्याकडं गेलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"हे कृ. पा. उ. कोण?"

"जागरूक नागरिक."

"तू भेटलास?"

"चिठ्ठी हाय की."

"पेपर फोडणारा फुकट कामून देईल रे?"

याचा मी विचार केला नव्हता. करायला वेळही नव्हता. मी म्हणालो, "समाजसेवा."

त्यानं सांगितलं की शाळेत फोन लाव. मी म्हणालो, ट्रंक कॉल लागायला उद्याची दुपार होईल, तोवर दुसरा पेपर बातमी घेऊन जाईल. त्यानं आठवण करून दिली की सर उद्यावर ठेवा म्हणाले होते. मी म्हणालो, ते 'विशेष' बद्दल म्हणाले होते, हे अतिविशेष आहे. मग त्यानं मुद्रिताच्या समासात, त्या सुंदर अक्षरात, 'कुणी सांगितलं?' असं लिहून कागद माझ्याकडं सरकवला. मी तो प्रश्न खोडरबरानं पुसला. पत्रकारितेतलं माझं ते पहिलं संपादन.

छपाईचे खिळे जुळवणारे चाचा वीस वर्षं त्या छापखान्यात होते. मथळ्याला मी सगळ्यात मोठी अक्षरं मागितली, आणि मथळ्यात 'फुटला' आणि 'फसवणूक' असे दोन शब्द. चाचांनी खण चाळला. "मियाँ, या साइजचा 'फ' एकुलता एक आहे. एकदाच काय ते फोडा." म्हणून फसवणूक गेली, फुटला राहिला. लग्नाच्या दोन जाहिराती आतल्या पानावर ढकलून दिवेलागणीला पान मशीनवर चढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडसमोरच्या हॉटेलात, आपल्याच पेपरचा अंक विकत घेऊन, लोक तो वाचतात का ते बघत बसलो. वाचत होते. एकानं दुसऱ्याला वाचून दाखवलं. मी आणखी एक चहा मागवला.

दहाला कार्यालयात गेलो. सर पहिल्या गाडीनं परत आले होते, शर्टावर हळदीचा डाग तसाच. समोर एक उंच, उन्हानं रापलेला माणूस उभा. त्याला मी ओळखत नव्हतो. तो त्या गावचा आमचा एजंट, सायकलदुरुस्तीचं दुकान चालवून पेपर वाटायचा. दस्तीनं मान पुसत तो सरांना सांगत होता आणि मी दारातच थांबलो.

"आवं साहेब, पेपर फुटला म्हंजे आपला पेपर. कंडाक्टरनं टपावरून गठ्ठा फेकला, सुतळी तुटली, गठ्ठा फुटला. वारं लय. स्टँडभर पानं. पोरांनी पळवली, मास्तर लोकांनीबी उचलून फुकट वाचला. मी काय भूमिती इकतो का?"

सरांनी माझ्याकडं हात केला. चिठ्ठी त्यांना पाहिजे होती. ती मी जपून शबनममध्ये ठेवली होती, पुढं कधी आपल्यावर लेख आला तर लागेल म्हणून. त्यांनी ती वाचली.

"हे कृ. पा. उ. कोण म्हणालास?"

"गावातले जागरूक नागरिक, सर."

सर शांतपणे म्हणाले, "कृपया पान उलटा."

मी पुढं झालो आणि त्यांच्यासमोरच्या अंकाचं पान उलटलं.

त्यांनी डोळे मिटले. मग चिठ्ठी स्वतःच उलटून माझ्यापुढं धरली. मागं लिहिलं होतं: "उद्यापासून गठ्ठ्याला सुतळी डबल बांधावी. आपला, एजंट." दहावीच्या प्रत्येक पेपरच्या तळाशी ही तीन अक्षरं छापलेली असतात आणि मी तो पेपर एकदा स्वतः दिलेला होता, हे सरांनी बोलून दाखवलं नाही. माझं मलाच आठवलं, हे जास्त वाईट.

इथवर गोष्ट हसण्यासारखी होती. म्हणजे शेजारच्या टेबलावर कुणी हसत नव्हतं, पण हसता आलं असतं. पुढचं एजंटानं सांगितलं. गावाला दहावीचं केंद्र त्याच वर्षी मिळालं होतं. शाळेच्या हेडमास्तरांनी सहा वर्षं अर्ज आणि हेलपाटे केले तेव्हा. त्याआधी परीक्षेला सेलूला जाऊन राहावं लागे. पोरं कुणाच्याही ओट्यावर झोपून परीक्षा देत. ज्या पोरींचं तिथं कुणी नातेवाईक नाही त्यांना घरचे पाठवत नसत, नववीनंतर शाळा बंद. यंदा पहिल्यांदा गावातल्या अकरा पोरी बसल्या होत्या. आणि तो इकडं यायला निघाला तेव्हा शिक्षण खात्याची जीप शाळेत शिरली होती. साहेब उतरता उतरताच म्हणाले होते की बातमी खरी निघाली तर केंद्र आजच बंद, राहिलेले पेपर तालुक्याला.

"माझी पोरगी हाय त्यात," एजंट म्हणाला. "तिला मी रोज म्हणायलोय, गावातच तर हाय परीक्षा, भेऊ नको." मग तो माझ्याकडं वळला. "तुमी मला इचारायचं तरी."

विचारायचं तरी. कालपासून हे मी तिसऱ्यांदा ऐकत होतो.

सरांनी लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या, सही केली. खुलासा उद्या पहिल्या पानावर येईल, म्हणाले, पण जीप उद्यापर्यंत थांबणार नाही, आत्ताच्या गाडीनं जा. माझ्याबरोबर माझ्या सोबत्यालाही पाठवलं. चिठ्ठी त्यानं माझ्याकडून घेतली आणि आपल्या वरच्या खिशात ठेवून बटण लावलं.

बसमध्ये एजंट पुढं बसला, आम्ही दोघं मागं. मी त्याला दोनतीनदा विचारलं की केंद्र जाईल का रे.  अर्ध्या रस्त्यात तो एवढंच म्हणाला, "तिथं गेल्यावर 'खात्रीलायक' म्हणू नको."

शाळेत पेपर चालू होता, शास्त्राचा. ओसरीत चपलांची रांग. खिडकीतून दोन वेण्या आणि एक खाली घातलेली मान दिसली. एजंट तिथंच थबकला. पोरगी लिहीत होती. तो चार पावलं मागं सरला, तिनं बघू नये म्हणून.

हेडमास्तर म्हणजे धोतर, बंद गळ्याचा कोट, खिशाला लाल आणि निळं अशी दोन पेनं, दोन्ही चालणारी. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. टेबलापलीकडं साहेब बसले होते, पुढ्यात रजिस्टर आणि रिकामी पाकिटं. मी पत्र दिलं. साहेबांनी वाचून चिठ्ठी मागितली. सोबत्यानं खिशाचं बटण काढून चिठ्ठी दिली. पहिली बाजू वाचताना त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी, कुणी न सांगता, पान उलटलं. सरकारी माणसाला हे शिकवावं लागत नाही, हे मी नोंदवून ठेवलं.

त्यांनी मला विचारलं की भूमितीची पाकिटं सकाळी सातला कुठं होती हे मला ठाऊक आहे का. नव्हतं. ती तालुक्याला पोलिसांच्या पहाऱ्यात होती. गावात दहाला आली, पावणेअकराला सह्या घेऊन सील फोडलं, रजिस्टरात सगळं आहे. "मग सातला कुठला पेपर फुटणार होता?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "आमचा, साहेब."

"आणि फुकट वाटला, हे वाचूनही शंका आली नाही?"

 तेवढ्यात माझ्या सोबत्याला माझी मदत करावीशी वाटली. "मी इचारलं होतं, साहेब," तो म्हणाला. "ह्यो म्हणला, समाजसेवा हाय."

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. खोकले असतील. मग रजिस्टर पुढं ओढून लिहायला लागले. त्या खोलीत पेनाचा आवाज एवढा मोठा मी पुन्हा कधी ऐकला नाही. हेडमास्तर उभेच होते, कोटाच्या वरच्या बटणाशी हात, आणि त्यांची नजर त्या पेनावर. सहा वर्षं त्या पेनाच्या टोकाशी आली होती. मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होतो, पण ती खोली लहान होती.

साहेबांनी लिहिलं ते मोठ्यानं वाचलं. बातमीत तथ्य नाही, केंद्राचं काम नियमानुसार आहे, केंद्र चालू ठेवावं. हेडमास्तरांनी मान हलवली आणि पहिल्यांदा खुर्चीत बसले. साहेब जीपमध्ये बसून गेले. थोड्या वेळानं घंटा झाली, पोरं बाहेर आली, आणि एजंटाची पोरगी बापापाशी येऊन, त्याला काही कळत नाही हे माहीत असूनही, कुठला प्रश्न सोपा गेला ते सांगत बसली. तो प्रत्येक प्रश्नाला "असं का" म्हणत होता.

मला वाटलं, आता सुटलो. तर हेडमास्तरांनी कोरा कागद माझ्यापुढं ठेवला. उद्याचा खुलासा इथंच लिहा, म्हणाले, मला बघू द्या. मी जीव ओतून लिहिला. दहा ओळी. दिलगिरी तीनदा आली. त्यांनी लाल पेन काढलं आणि वाचायला लागले. पहिल्या ओळीत दोन गोल. 'शैक्षणीक' ला एक, 'नियमीत' ला एक. 'दिलगीरी' ला तीन, कारण मी ती तिन्ही वेळा वेगवेगळी लिहिली होती. माझा सोबती खांद्यावरून बघत होता आणि पुढचा गोल कुठं पडणार ते त्याला आधीच कळत होतं. अकरा गोल झाल्यावर पेनाला टोपण लागलं. कागद माझ्या हातात देऊन हेडमास्तरांनी विचारलं, शिक्षण किती झालंय. मी सांगितलं, बीएस्सी दोन वर्षं, आणि पत्रकारितेचा कोर्स आता संपतच आलाय.

त्यांनी मला पायापासून शबनमपर्यंत बघितलं.

"पुढच्या मार्चला दहावीला बसा," ते म्हणाले. "केंद्र आहे आता गावात."